आखणीच्या खोलीत कॅमेरा नव्हता

आधीच सांगून टाकते – भुतंखेतं, करणी, अंगात येणं, दृष्टांत, यातलं काही म्हणजे काही मी मानत नाही. हे घडायच्या आधी मानत नव्हते आणि घडून गेल्यावरही मानत नाही. या सदरात बरेच जण लिहितात, "अनुभव आला की विश्वास आपोआप बसतो." मला अनुभव आला. विश्वास काही बसला नाही, राग मात्र बसला तो बसलाच. इतक्या वर्षांत तो उतरला नाही म्हणून आज लिहायला बसले आहे. कुणाकडे सरळ, डोक्याला पटेल असं उत्तर असेल तर जरूर कळवा... फक्त "देवाची लीला" असं लिहून पाठवू नका. ते ऐकून माझे कान किटलेत.

माझं माहेर रोहा, सासर पेण. गोष्ट १९९९च्या उन्हाळ्यातली. सासरी गणपतीचा कारखाना – कारखाना म्हणायचं एवढंच, घराच्या मागच्या पडवीला जोडून तीन खोल्या. पहिलीत माती आणि साचे, दुसरीत रंग, आणि टोकाची, उत्तरेला खिडकी असलेली, ती आखणीची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. बाकी मूर्ती कितीही सुबक असू दे, डोळे चुकले की गिऱ्हाईक नुसतं बघून पुढे जातं. माझे सासरे, म्हणजे अण्णा, आखणीतलं मोठं नाव. लोक मूर्ती बसवायला घरचा पाट आणून द्यायचे, त्यावर खडूने नाव लिहायचे आणि बजावून जायचे, "डोळे अण्णांच्याच हातचे हवेत हां."

अण्णा आखायला बसले की खोलीचं दार बंद. आत कुणी यायचं नाही, डोकावायचं नाही. घरातला हा नियम माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. माझे मिस्टर विलास डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जायचे; त्यांनीही लहानपणापासून ते दार बंदच पाहिलेलं. आई – माझ्या सासूबाई – तेवढ्या चहा घेऊन आत जायच्या. आई पेणजवळच्या जोह्याच्या, तिकडच्या मूर्तिकारांच्या घरातल्या. पण आमच्याकडे त्यांचं काम म्हणजे मूर्ती कापडाने पुसणं, गवतात बांधणं आणि सगळ्यांचं चहापाणी.

मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, त्यामुळे परदेशच्या ऑर्डरी माझ्याकडे. दादरचे एक व्यापारी आमच्या मूर्ती बाहेर पाठवायचे. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. त्या वर्षी शेठच्या डोक्यात आलं की परदेशातल्या माणसाला आपली मूर्ती घडताना घरबसल्या दिसली पाहिजे. त्यांनी बाहेरून तीन कॅमेरे मागवले – थेट इंटरनेटला जोडायचे, दर मिनिटाला एक चित्र पाठवणारे. तीन खोल्यांना तीन. शेठच्या वेबसाइटवर तीन खिडक्या असणार होत्या, पहिली मातीची, दुसरी रंगाची, तिसरी आखणीची. लाइनचा खर्च शेठचा. लाइन मिळवायची मात्र मी.

इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. घरगुती कनेक्शनला दर वेळी फोन लावला की नवा पत्ता मिळायचा, आज हा, उद्या तो. पण रोज तोच कॅमेरा दिसायचा तर पत्ता कायमचा हवा, आणि प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा हवा. म्हणजे तीन कॅमेरे आणि माझा कॉम्प्युटर, चार कायमचे पत्ते. मागणी एवढीच होती! फोनच्या ऑफिसात गेले तर साहेब म्हणाले, "घरी चार कशाला? एकाने भागत नाही का तुमचं?" जसं काही मी चार नवरे मागायला गेले होते. मुंबईच्या एका कंपनीत फोन लावला तर पलीकडचा माणूस चक्क हसला. "पेण? तिथे घरी? कायमचे पत्ते बँका घेतात, मॅडम." दुसऱ्या कंपनीने तीन आठवडे फॉर्मवर फॉर्म भरून घेतले आणि शेवटी विचारलं, "घरात कुणी जेंट्स आहेत का? जरा टेक्निकल बोलायचं होतं." तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाला पत्त्यांचं गणित मी फोनवर समजावून सांगितलं – पत्ते सुटे मिळत नाहीत, आठाच्या गठ्ठ्यात मिळतात, त्यातले वापरायला पाचच उरतात – तेव्हा तो म्हणाला, "असं होय? विचारून सांगतो." आजतागायत विचारतोच आहे.

घरात मात्र अण्णांना हे एका वाक्यात कळलं. जेवताना मी वैतागून सांगत होते तर म्हणाले, "म्हंजे पाटासारखं. मूर्ती दरवर्षी नवी, पाट घरचा ठरलेला. आन् एकाच्या पाटावर दुसऱ्याची मूर्ती बसवायची नाय." पेणपासून मुंबईपर्यंतच्या तमाम इंजिनिअरांना जे कळलं नाही ते इथे भाकरी मोडता मोडता कळलं.

शेवटी पनवेलकडची एक नवी छोटी कंपनी तयार झाली. एप्रिलच्या सुरुवातीला लाइन आली, गठ्ठा मिळाला. चारही पत्ते मी वहीत लिहिले. पहिला कॅमेरा मातीच्या खोलीत लागला, दुसरा रंगाच्या. तिसऱ्यापाशी घोडं अडलं. अण्णांनी दारातच हात आडवा धरला.

"हितं नाय लावायचा."

"अण्णा, तुम्हाला त्रास नाही होणार. तो नुसता कोपऱ्यात..."

"नाय म्हटलं ना गो. माणसाला बसू देत नाय, तर मशिनला देईन?"

मी खूप हुज्जत घातली. तीन महिने जोडे झिजवून मिळवलेला पत्ता रिकामा राहणार म्हणून मला रडू यायचं बाकी होतं. आईसुद्धा अण्णांच्या बाजूने उभ्या राहिल्या, "ऱ्हाऊ दे गो, कशाला तो अट्टाहास." म्हणून तिसरा कॅमेरा शेठने पाठवला तसाच, चिकटपट्टी न काढता, खोक्यासकट माझ्या लोखंडी कपाटात ठेवला. कपाटाची किल्ली माझ्याजवळ. आखणीच्या खोलीत केबल ओढलीच नाही. त्या खोलीत विजेचं बटण होतं ते फक्त दिव्याचं, साधा प्लगही नव्हता. हे सगळं इतकं तपशिलात लिहितेय कारण पुढे प्रत्येकाने मला हेच विचारलंय, आणि प्रत्येकाने अशा सुरात की बाईमाणूस आहे, विसरली असेल!

पंधरा दिवसांनी शेठचा फोन आला. "वहिनी, तिसरा पण चालू केला का? छान झालं."

मी म्हटलं, "शेठ, तिसरा खोक्यात आहे."

"अहो, मला दिसतंय ना. एक बाई दिसतात, अगदी जवळून. टेस्टिंग चाललंय वाटतं."

मी लगेच घरच्या कॉम्प्युटरवर तिसरी खिडकी उघडली. कोरी. पुन्हा उघडली. कोरी. शेठना चष्म्याचा नंबर तपासा म्हणून सांगितलं, तेही थट्टेत. पण मग पनवेलच्या इंजिनिअरला फोन केला, उगाच शंका नको म्हणून. तो म्हणतो, "हो मॅडम, तुमच्या तिसऱ्या पत्त्यावरून रोज सकाळी दोनेक तास डेटा जातोय."

"अहो, तिथे काही जोडलेलंच नाही!"

"तुम्हीच लावला असेल, मॅडम. लक्षात राहिलं नसेल."

मी फोन आपटला. मग वाटलं यांनी माझा पत्ता दुसऱ्या कुणाला देऊन टाकलाय. रीतसर मिळवलेला पत्ता परस्पर दुसऱ्याला! मी दोन पानी तक्रार लिहिली. त्यांचं उत्तर आलं की पत्ता दुसऱ्या कुणालाही दिलेला नाही, डेटा तुमच्या घरातल्या लाइनवरूनच येतो आहे. खाली सही, शिक्का.

त्याच आठवड्यात भावाच्या मुलीचं बारसं होतं म्हणून मी रोह्याला गेले. भाऊ, राजू, तेव्हा रोह्याच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास चालवायचा. बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, साडेनऊचा सुमार असेल, मी त्याला आमचा कारखाना दाखवायला क्लासवर गेले. फोन लावून, ती कर्कश शिट्टी ऐकून कनेक्शन मिळालं. पहिली खिडकी – आमचा कारागीर साच्यात माती दाबतोय. दुसरी – रंगाच्या वाट्या. राजूने माझं न ऐकता तिसरी दाबली.

"ती बंद आहे रे," असं मी म्हणतेय तोवर चित्र आलं.

अर्धंच चित्र होतं. एका बाजूला उजेड, दुसरी बाजू काळीकुट्ट, आणि मधोमध उभी सरळ रेघ. उजेडाच्या बाजूला आईंचा अर्धा चेहरा, इतका जवळ की कपाळावरचं गोंदण मोजता यावं. सरळ आमच्याकडे बघत होत्या. हातात बारीक कुंचला, टोक आमच्याच दिशेने.

राजू म्हणाला, "ताई, लाइन स्लो आहे. लोड होतंय अजून."

"लोड वरून खाली होतं रे! हे उभं कापलंय."

त्याने माऊसवरचा हात काढला. शिकवणारा माणूस, त्याला कळलं. आम्ही दोघं बसून राहिलो. दर मिनिटाला नवं चित्र येत होतं. आईंचा हात आता काळ्या बाजूकडे सरकला होता. चार-पाच चित्रांत तो काळा भाग आधी धुरकट झाला, मग फिका, आणि मग पूर्ण चित्र उघडलं.

आईंच्या मागे अण्णा दिसले. स्टुलावर बसलेले, तोंड भिंतीकडे, ओठ हलल्यासारखे. शेजारी लाकडी फळीवर चहाची बशी. एका चित्रात अण्णांचा हात बशीच्या अलीकडे. पुढच्यात पलीकडे, फळीच्या कडेवर. त्याच्या पुढच्यात हात हवेत. बशी होती तिथेच होती. वीतभर अंतरावर. चौथ्या चित्रात आईंनी कुंचला खाली ठेवला होता आणि वळून अण्णांची बोटं धरून बशीवर ठेवत होत्या.

राजू हळू आवाजात म्हणाला, "ताई... अण्णांना दिसत नाही?"

मी उठले. चप्पल घातली, एसटी स्टँड गाठला आणि मिळाली ती गाडी पकडली. रोहा ते पेण, नागोठण्याला थांबून सव्वा-दीड तास. त्या दीड तासात मला काय काय आठवलं ते सांगते. अण्णा दोन महिने चारचौघांत बशीऐवजी पेला मागत होते. अंगणात भिंतीला हात लावून चालत होते. पेपर वाचायचा सोडला होता, "आता काय असतं त्यात" म्हणून. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका उलटी धरली होती आणि आम्ही हसलो होतो. घरात-कारखान्यात एवढी धडधाकट माणसं, सगळ्यांना डोळे, आणि आई सोडून कुणाच्या काही म्हणजे काही लक्षात आलं नव्हतं. रागाने मी दाताखाली पदर धरून बसले होते. राग कुणावर ते सांगता येत नव्हतं, सगळ्यांवरच होता, आणि सगळ्यांत आधी माझ्यावर.

घरी पोचले, पडवीतून सरळ मागे गेले आणि न विचारता आखणीच्या खोलीचं दार ढकललं.

आत अगदी तसंच. स्टूल, बशी, आई. आईंच्या हातातून कुंचलाच पडला. अण्णा दचकून म्हणाले, "कोण हाय?" मी त्यांच्या समोर दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

"मी आहे, अण्णा."

"तू रोह्याला व्हतीस ना? दार कशाला उघडलंस?"

"तुम्हाला दिसत नाहीये."

आईंनी पडलेला कुंचला उचलला. मग आई म्हणाल्या, "उजवा गेला त्याला दोन वर्सं झाली. डावा गेल्या गणपतीपासनं. यांनी सांगायचं, मी वढायचं. कुनाला सांगायचं नाय म्हनून शपथ घातली हाय." अण्णा ओरडले, "गप बस गो!" आणि मग एकदम आवाज उतरला त्यांचा. "आखणीवाला आंधळा म्हटल्यावर पाट कोण आणील आपल्याकडं?"

मी खोलीत वेड्यासारखा कॅमेरा शोधला. फळ्या, डबे, खिडकीची चौकट, छताचे वासे. काही नाही. मग चित्र नेमकं कुठून दिसत होतं ते आठवायला लागले – डावीकडे खिडकीची कड, मधे आई, मागे स्टूल. सरकत सरकत मी भिंतीपाशी, आईंच्या समोरच्या मूर्तीच्या मागे जाऊन वाकले. मूर्तीच्या डोक्यामागून पाहिलं तर हुबेहूब तेच. मागे नुसती भिंत, गिलावा केलेली, एक खिळाही नाही. मूर्तीच्या डोळ्यांचा रंग अजून ओलसर होता.

मी आईंना विचारलं, "हिचे दोन्ही डोळे आज सकाळीच काढलेत?"

"व्हय. आधी उजवा. मग हात जरा थांबवायचा, आन् मग डावा."

अंगावर काटा आला, नाही म्हणणार नाही. मला त्या काट्याचाही राग आला. मी जे पाहिलं तेवढंच लिहितेय, त्याचा अर्थ लावण्याचं काम माझं नाही. अंगावर काटा आणत बसायला तेव्हा सवडही नव्हती, कारण अण्णा डॉक्टरकडे यायला तयार नव्हते. संध्याकाळी विलास शिफ्टवरून आले तर ते मलाच म्हणतात, "दार उघडायची काय गरज होती? बाहेर कळलं तर?" मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बापाचे डोळे गेले तरी चालतील, नाव तेवढं राहिलं पाहिजे! ज्या डोळ्यांवर या घराने दोन पिढ्या खाल्लं ते तपासायला एकदाही कुणी नेलं नव्हतं.

शेवटी निकाल लावला तो आईंनी. परदेशच्या चाळीस मूर्ती आखायच्या राहिल्या होत्या, बोट भरायला बारा दिवस. आईंनी कुंचले धुतले, फडक्यात गुंडाळले आणि स्वयंपाकघरात डब्यात ठेवून दिले. अण्णांना म्हणाल्या, "डाक्टरला दाखवल्याबिगर मी आता येक डोळा आखनार नाय. बसा तुमी दार लावून." उभ्या आयुष्यात त्या अण्णांना असं बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गाडीत बसले.

पनवेलच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्यात काही उरलं नव्हतं. डाव्यात उजेड-अंधार कळत होता, समोर माणूस आलं की सावलीसारखं कळत होतं. "गेलेलं परत येत नाही. आहे तेवढं औषधाने टिकवू. वर्षभर आधी आला असतात तर..." डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही, आणि ते अर्धं वाक्य मी अजून विसरले नाही. त्या उरलेल्या उजेडासाठी अण्णांनी शेवटपर्यंत न चुकता औषध घातलं. आणखी महिना गेला असता तर तोही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

गावात बातमी पसरली तेव्हा आळीतल्या बायका नारळ घेऊन आल्या. "गणपतीनंच दाखवलं गो तुला!" माझं डोकं फिरलं. दाखवायचंच होतं तर वर्षभर आधी दाखवायचं होतं! दोन डोळे असताना दाखवायचं होतं! आणि दाखवून दाखवून रोह्याला, राजूच्या क्लासमध्ये, शिट्टी मारणाऱ्या मोडेमवरून? घरातल्या कॉम्प्युटरवर का नाही? तिथे ती खिडकी कधीही उघडली नाही. मी दार ढकललं त्या दिवसापासून बाहेरही ती कोरी झाली ती कायमची. इंजिनिअर स्वतः पेणला आला. मी कपाट उघडून त्याच्या हातात खोकं दिलं. चिकटपट्टी त्यानेच ब्लेडने कापली. आत कॅमेरा, त्यावरचं प्लास्टिकही तसंच. त्याने त्याच्या कागदांवर तो पत्ता दाखवला, अकरा सकाळींचा हिशोब, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ. मी आईंना विचारलं. त्या अकराही सकाळी त्या आखायला बसल्या होत्या. इंजिनिअरने चहा घेतला आणि "सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी असेल" म्हणून निघून गेला. काहीतरी म्हणजे काय हो? तुम्हाला पगार कशाचा मिळतो?

शेठनी पाहिलं होतं, राजूने पाहिलं होतं, मी पाहिलं होतं. तिघांपैकी एकालाही एक चित्र साठवून ठेवायची बुद्धी झाली नाही. मी डिप्लोमा केलेली बाई, बोटाखाली माऊस, आणि नुसती बघत बसले. आमच्याकडे पुरावा नाही. स्पष्टीकरणही नाही. मी खूप लोकांना विचारलं, मोठमोठ्या कंपन्यांतल्या लोकांना, ते आधी हसतात आणि मग विषय बदलतात.

आखणी आई करत राहिल्या. मी हट्टाने शेठच्या वेबसाइटवर त्यांचं नाव घालायला लावलं. पाट काही कमी झाले नाहीत, उगाच भीती घातली होती. अण्णा पडवीत खुर्ची टाकून बसायचे.

त्याच पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी मी पडवीत ऑर्डरींचे कागद लावत होते. आई आत कामाला बसलेल्या. अण्णांनी मला जवळ बोलावलं.

"सूनबाई, तू तिला आखताना पाह्यलंस. समोरनं."

"हो."

"कशी दिसते गो?"

आधी मला कळलंच नाही काय विचारतायत. बायकोचा चेहरा त्यांनी चाळीस वर्षं पाहिलेला. मग लक्षात आलं, आणि इतका राग आला की कागद हातात चुरगळले. जोह्याला बापाच्या हाताखाली डोळे काढायला शिकलेली मुलगी त्यांनी करून आणली होती. ज्या वर्षांत त्यांना दिसत होतं त्यातल्या एकाही वर्षी त्यांनी तिच्या हातात कुंचला दिला नाही. दिला तो दिसायचं बंद झाल्यावर. आणि आता मला विचारत होते.

तरी मी सांगितलं. "जिभेचं टोक दातांत धरतात. भुवया अजिबात हलत नाहीत. आणि बघतात ना, अण्णा, ते असं की समोरच्याने खोटं बोलूच नये."

अण्णांनी तोंड आखणीच्या खोलीकडे वळवलं. मग म्हणाले, "माझ्यापेक्षा बेस आखते."

मी म्हटलं, "मला काय सांगता? तिकडे जाऊन सांगा ना."

ते उठले, भिंत चाचपत आत गेले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. आईंचा हात कधी चुकायचा नाही, पण त्या दुपारी त्यांना एक डोळा ओल्या फडक्याने पुसून पुन्हा काढावा लागला.